शेजारचा ब्रेक

गाडी थांबली तेव्हा रस्त्यात काहीच नव्हतं. कुत्रं नव्हतं, माणूस नव्हता, वाऱ्याने उडत आलेली पिशवीसुद्धा नव्हती. सकाळचा रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना अर्धी वर गेलेली दुकानांची शटर, आणि मधोमध शिकाऊ पाटी लावलेली ही छोटी गाडी, नाक खाली करून एक आचका देऊन बंद पडलेली. मागच्या माणसाने हॉर्नवर ठेवलेला हात उचललाच नाही. स्टिअरिंगवर बसलेल्या कॅशियरबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "सॉरी सर, माझंच काहीतरी चुकलं," त्या म्हणाल्या. "होतं असं," मास्तर म्हणाले. "न्यूट्रल करा, चालू करा, आरशात बघा, निघा." आवाज नेहमीचा, थंड, शिकवून शिकवून गुळगुळीत झालेला. मग त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा स्वतःचा उजवा पाय, काल पॉलिश केलेल्या तपकिरी बुटासकट, त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर दाबलेला होता. दुसऱ्याच्या खिशातून हात काढावा तसा त्यांनी तो काढून घेतला. बाई आरशात बघत होत्या. चूक आपली आहे हे सांगायला मास्तरांना पुढच्या सिग्नलपर्यंत भरपूर वेळ होता, पण ते बोलले नाहीत. सिग्नलला बाई पुन्हा म्हणाल्या, "मी घाबरते ना, म्हणून होतं," आणि मास्तर म्हणाले, "घाबरायचं नाही."

शिकवण्याच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. खालून दोन्ही एका दांडीने जोडलेले. मास्तरांनी आपला दाबला की शिकणाऱ्याचाही आपोआप खाली जातो. अर्धं आयुष्य या शेजारच्या ब्रेकवर काढलेल्या माणसाला तो तिथे आहे याचा विसर पडतो, आपल्याला आपल्या जिभेचा पडतो तसा. मास्तरांना हे काम ज्यांनी शिकवलं ते थोरले मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पाय पेडलवर टेकवायचा नाही. तरंगत ठेवायचा. टेकवलास की गाडी तू चालवतोस आणि लायसन मिळतं त्याला." तेव्हापासून मास्तरांचा पाय तरंगतच होता. नवरा नुकताच गेलेल्या बायका, परदेशी निघालेली पोरं, निवृत्तीनंतर हौस भागवायला आलेले हेडक्लार्क, सगळ्यांच्या शेजारी तो बोटभर उंचावर थांबलेला असायचा, मांजर उंदराच्या बिळापाशी बसतं तसा. संध्याकाळी पोटरी दगडासारखी व्हायची. बायको गरम पाण्याची पिशवी द्यायची आणि म्हणायची, "दिवसभर बसून असता, आणि पाय कसले दुखतात हो तुमचे?" हा विनोद लग्नाच्या पहिल्या वर्षापासून चालू होता आणि दोघांनाही तो बदलावासा वाटला नव्हता.

पोटरी दुखायची थांबली ती सगळं बंद झालं तेव्हा. आधी मास्तरांच्या हे ध्यानातही आलं नाही. रस्ते ओस, गाड्या झाकून ठेवलेल्या, ड्रायव्हिंग स्कूलच्या काचेवर 'पुढील सूचनेपर्यंत' असा कागद. पहिले काही दिवस सगळ्यांसारखेच गेले, बातम्या बघण्यात आणि भांडी घासण्यात. मग एका संध्याकाळी बायको खिडकीशी शिलाई मशीनवर बसलेली होती, लेक आतल्या खोलीत कुणाशी तरी अभ्यासाचं बोलत होती, दाराला आतून कडी होती, आणि खुर्चीत नुसतं बसलेल्या मास्तरांना कळलं की आपला पाय दुखत नाहीये. तो जमिनीवर टेकलेला होता. पूर्ण टेकलेला, टाचेपासून बोटापर्यंत. घरातली तिन्ही माणसं घरात होती. कुणी कुठे जाणार नव्हतं, कुणी कुठून यायचं राहिलं नव्हतं. जगातल्या सगळ्या गाड्या उभ्या होत्या. मास्तरांना इतकं बरं वाटलं की त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला? लोक मरत होते. थोरले मास्तर त्यातच गेले, फोनवर कळलं, पोचवायलाही कुणाला जाता आलं नाही. ज्या माणसाने हात धरून कामाला लावलं तो गेला, आणि मास्तर त्या दुपारी रडले, खरोखर रडले. आणि डोळे पुसता पुसता त्यांच्या मनात आलं की माझी सगळी माझ्याजवळ आहेत, कडी लावलेली आहे. त्या विचाराची त्यांना लाज वाटली, तरी तो गेला नाही. पुढे सगळं उघडल्यावर जो तो त्या दिवसांबद्दल बोलायला लागला. कुणाला झोप लागत नव्हती, कुणाला भिंती अंगावर यायच्या, कुणी नवरा-बायको एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली होती. मास्तर मान हलवायचे, "फार वाईट दिवस" म्हणायचे. एकटी बायको वेगळं बोलायची. पडदे शिवायचं काम ती वर्षानुवर्षं घरातूनच करत होती. "मी वीस वर्षं घरातच आहे," ती म्हणायची. "माझा लॉकडाऊन कसा गेला ते कुणी विचारलं नाही कधी. तुम्ही दोघं काही महिने बसलात तर केवढा गवगवा!"

तिलाही ते दुखणं झालंच. पंधरवडाभर ती आतल्या खोलीत, दार बंद. मास्तर दाराबाहेर स्टूल टाकून बसायचे. आतून खोकला आला की यांचा पाय जमिनीवर दाबला जायचा. तेव्हा कळलं नव्हतं, आता कॅशियरबाईंच्या शेजारी बसल्यावर आठवलं: स्टुलावर बसून आपण जमीन दाबत होतो. खोकल्याची उबळ वाढली की जास्त जोरात. लेक म्हणायची, "बाबा, जरा आडवे व्हा, मी बसते," पण ते उठायचे नाहीत. बायको बरी झाली, दार उघडलं, केस विंचरून बाहेर आली आणि म्हणाली, "चहा तरी नीट शिकलात का इतक्या दिवसांत?" सगळे हसले. मात्र त्यानंतर घरातून कुणी बाहेर पडायला निघालं की मास्तर दाराशी जाऊन उभे राहायला लागले. "कशाला जातेस? मागवू की." "पुढच्या आठवड्यात जा ना, घाई काय?" अडवायचे नाहीत, नुसतं विचारायचे. बायको त्यांना बाजूला सारून जायची. लेक हळूहळू "बरं" म्हणायला लागली.

लेकीचं शिक्षण कानांचं. म्हणजे माणसाला किती ऐकू येतं ते तपासायचं, यंत्र बसवायचं, लहान मुलांना बोलायला शिकवणाऱ्यांकडे पाठवायचं. अभ्यासाचं शेवटचं वर्ष तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर काढलं, आणि सरावाला माणसं कुठून आणणार म्हणून आईबापांच्याच कानांवर सगळी परीक्षा झाली. डोक्याला हेडफोन, भिंतीकडे तोंड, बारीक 'टूं' ऐकू आलं की बोट वर करायचं. आईचा निकाल उत्तम. बापाचा विचित्र. "बाबा, आवाज नव्हता," लेक म्हणायची. "आला ना." "नव्हता. मी बटण दाबलंच नाही." पुन्हा शांतता, पुन्हा मास्तरांचं बोट वर. "अहो, मनाचं ऐकू येतं त्यांना," बायको मशीनवरून म्हणाली. लेक हसली आणि म्हणाली की असली माणसं फार असतात, एखादा आवाज आपल्याकडून सुटून जाईल या धास्तीने नसलेलेच ऐकतात. मास्तरांना तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. सुटण्यापेक्षा जास्त ऐकलेलं बरं, असं त्यांचं मत होतं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

मग सगळं उघडलं. गाड्यांवरची धुळकट आवरणं निघाली, आणि पोटरी परत दुखायला लागली. माणसं गाडी शिकायला झुंबड करून आली, बस-रिक्षात दाटीवाटीने बसायला नको म्हणून. मास्तर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत शेजारच्या सीटवर. लेक मात्र घरातच. पदवी हातात होती, पण बाहेर पडायचं म्हटलं की तिचा चेहरा बारीक व्हायचा. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात साबण आणायला गेली आणि तशीच परत आली, तिथे फार माणसं होती म्हणाली. तीन जण होते, हे नंतर दुकानदाराकडून कळलं. बायको त्या दिवशी पहिल्यांदा घाबरलेली दिसली. तिने मास्तरांना स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "हिला गाडी शिकवा. गाडीत बसली की चार भिंती तर असतील भोवती, पण निदान हलत्या असतील." मास्तरांनी शिकवायला घेतलं. ती गाडीत खुलायची, हे खरं. आणि तशातच नोकरी चालून आली: दोन जिल्हे पलीकडे, तपासणीची यंत्रं बसवलेली एक व्हॅन घेऊन गावोगावच्या शाळांत मुलांचे कान तपासायचे. व्हॅन स्वतः चालवायची. लायसन हवंच. लेकीने हो म्हटलं तेव्हा बायको देवाला नाही, मास्तरांना हात जोडून म्हणाली, "आता एवढं पार पाडा."

ती पहिल्या परीक्षेत नापास झाली. नोकरी देणाऱ्या संस्थेने भलेपणाने महिनाभर मुदत वाढवून दिली, एकदाच. दुसरी परीक्षा येत्या सोमवारी होती. ती गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की लेक पुन्हा आतल्या खोलीत, हे घरातल्या तिघांनाही स्वच्छ माहीत होतं.

कॅशियरबाईंना सोडून मास्तर ऑफिसात आले तर मालकीणबाई त्यांचीच वाट बघत होत्या. स्कूल त्यांच्या नवऱ्याने काढलेलं, चालवलं मात्र बाईंनी. "मास्तर, रागावू नका, एक विचारते," त्या म्हणाल्या. "तुमची मुलं रेषेवर थांबत का नाहीत?"

"कुठल्या रेषेवर?"

"मैदानावरच्या. परीक्षेच्या. उघडल्यापासून तुमच्याकडची जेवढी नापास झाली ना, ती सगळी तिथेच. गिअर छान, वळण छान, मागे घेणं तर एकदम छान, आणि रेषा आली की भुर्रकन पुढे. परीक्षक काल मला म्हणाला, तुमच्या मास्तरांनी यांना ब्रेक दाखवला नाही का अजून?" त्यांनी समोरची वही मिटली. "तुमच्याकडची तर पूर्वी डोळे झाकून पास व्हायची."

"डोळे झाकून चालवतात तीच नापास होतात, बाई," मास्तर सवयीने म्हणाले. बाई हसल्या, कारण त्या चांगल्या होत्या. मास्तरही हसले आणि बाहेर गाडीत येऊन बसले. ड्रायव्हरच्या बाजूला न बसता, नकळत आपल्याच, शेजारच्या सीटवर.

मैदानावरचा नियम असा की परीक्षेआधी मास्तरांचा ब्रेक सोडवून टाकायचा. दांडीच्या सांध्यात बोटभर लांबीची एक पिन असते. ती ओढून काढायची, परीक्षकाला दाखवायची, आणि मास्तरांनी लांब बाकावर जाऊन बसायचं. पिन काढली की शेजारचं पेडल नुसतं शोभेचं. दाबलं तर ठक्‌कन तळाला टेकतं, गाडीला पत्ता नसतो. गेल्या काही महिन्यांत मास्तरांनी कितीतरी वेळा आपल्या हाताने ही पिन काढून दाखवली होती, आणि बाकावर बसून पाहिलं होतं की गाडी रेषेशी येते, हळू होते, होत नाही, आणि पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्यावरून निघून जातं. प्रत्येक वेळी त्यांना वाटलं होतं, हा घाबरला. ही गडबडली. आता गाडीत बसल्या बसल्या त्यांना सगळं एकदम दिसलं. कुणीच गडबडलं नव्हतं. या माणसांनी आयुष्यात कधी एकट्याने गाडी थांबवलीच नव्हती. त्यांचा पाय पेडलला लागायच्या आधी मास्तरांचा पाय काम उरकून मोकळा झालेला असायचा, इतक्या हलक्या दाबाने की त्यांना वाटावं, वा, काय सुरेख थांबवली मी. गाडी अशीच थांबते, पाय नुसता ठेवायचा असतो, हे त्यांना मास्तरांनी शिकवलं होतं. आणि त्यांच्यातली एक आपली लेक होती.

मास्तरांनी स्वतःला निर्दोष सोडायचा प्रयत्न केला. वय झालं असेल. सवय मोडली असेल. सगळेच धास्तावलेत हल्ली. पण मनातल्या मनात वकिली करायची तर समोर न्यायाधीशही आपणच असतो, त्यामुळे ती फार वेळ चालली नाही. त्यांना लेक जायला हवी होती. हे अगदी खरं होतं. तिच्या व्हॅनमध्ये गरम पाण्याचा थर्मास कुठे ठेवायचा इथपर्यंत त्यांनी विचार केलेला होता. आणि त्यांच्या पायाला ती जायला नको होती. पायाला ती संध्याकाळ परत हवी होती, मशीनची खडखड, आतल्या खोलीतला आवाज, दाराची कडी. आपलेच दात आणि आपलेच ओठ. स्वतःच्या पायाचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता, आणि रागावून करणार काय, चालत घरी जायलाही तोच हवा होता.

जेवताना त्यांनी विषय काढला. नवीन ठेवलेला पोरगेला इन्स्ट्रक्टर चांगला आहे, शेवटचे दोन दिवस त्याच्याकडे शिकलीस तर हात नीट बसेल. लेक ताटाकडे बघत म्हणाली, "नको. मला तुमच्याकडेच शिकायचंय."

"अगं, पण नापास झालीस ना माझ्याकडे."

"तुमच्याकडेच," ती म्हणाली. मास्तरांना भरून आलं. आपल्यावर अजून विश्वास आहे पोरीचा, असं त्यांना वाटलं. बायकोने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पाण्याचा जग उचलून आत गेली. मास्तर पाठोपाठ गेले तर ती सिंकपाशी पाठमोरी उभी होती. "पोरगी जायलाच हवी," ती म्हणाली.

"मी कुठे नको म्हणतोय?"

"तोंडाने नाही म्हणत तुम्ही." एवढंच बोलून तिने नळ सोडला. हिला किती कळलंय, कुठून कळलंय, हे विचारायचं धाडस मास्तरांना झालं नाही. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते हेच.

शनिवारी त्यांनी पाय आवरायचा प्रयत्न केला. आधी तो सीटच्या खाली मागे ओढून धरला. पहिल्या चौकातच तो पुढे आला. मग त्यांनी उजव्या पायावर डावा पाय टाकला; तर डाव्यासकट उजवा पुढे. शेवटी बोलत राहायचं ठरवलं, म्हणजे लक्ष दुसरीकडे राहील. त्यांनी लेकीला व्हॅनच्या टायरमधल्या हवेबद्दल, घाटातल्या गिअरबद्दल, पेट्रोल पंपावर कुठल्या बाजूला लावायचं त्याबद्दल सांगितलं, आणि सांगता सांगता प्रत्येक वळणावर, प्रत्येक पाटीशी गाडी सुरेख, हलकेच थांबत गेली. लेक शांत होती. चेहऱ्यावर ताण नव्हता. खरं तर इतकी निवांत ती घरातही दिसत नव्हती. "छान जमतंय," ती म्हणाली. मास्तरांना त्या क्षणी गाडीतून उतरून कुठेतरी निघून जावंसं वाटलं.

रविवारी सकाळी ते तिच्या आधी खाली आले. गाडीचं दार उघडून गुडघ्यावर बसले, हात आत घातला, आणि पिन ओढली. ती एरवी सहज यायची, आज हात घामेजला होता. शर्टाच्या खिशात टाकून त्यांनी हात पुसले. लेक आली, बसली, पट्टा लावला, आरसा ठीक केला. ते काही बोलले नाहीत. गोदामांच्या भागात रविवारी चिटपाखरू नसतं. लांब सरळ रस्ते, बंद फाटकं, कोपऱ्याकोपऱ्यावर थांबा म्हणणाऱ्या पाट्या. पहिली पाटी दिसली तेव्हा मास्तर स्वतःला सांगत होते की तिथे कुणी नाही, फार तर गाडी थोडी पुढे जाईल. पाटी जवळ आली. आणि पाय गेला. ठक्‌. तळाला लागला, आणि गाडी तशीच चालत राहिली. मास्तरांच्या सगळ्या कारकिर्दीत असं झालं नव्हतं, की आपण दाबावं आणि काहीच होऊ नये. सीटखालून जमीन काढून घेतल्यासारखं झालं. गाडी पाटी ओलांडून गेली, मग लेकीचा पाय धडपडत पेडलवर पडला, दोघंही पुढे फेकली गेली आणि गाडी चौकाच्या मध्यावर थांबली. चौक रिकामा होता. "पुन्हा," मास्तर म्हणाले. आवाज थंड यायला हवा होता, तो आला नाही.

दुसऱ्या पाटीला ठक्‌, आणि गाडी आधीपेक्षा थोडी अलीकडे थांबली. तिसऱ्या पाटीला ठक्‌, ठक्‌. पाचव्या-सहाव्या पाटीनंतर एका फाटकातून सायकलवाला ध्यानीमनी नसताना बाहेर आला. मास्तरांनी मेलेलं पेडल दोन्ही पायांनी दाबलं, दातओठ खाऊन दाबलं, आणि त्यांनी दाबण्याचा काही एक संबंध नसताना गाडी थांबली. कचकन, पण थांबली. सायकलवाल्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. लेकीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. तिचे हात स्टिअरिंगवरच होते.

"पिन काढलीत ना?"

मास्तर समोर बघत राहिले. "कधी कळलं?"

"पहिल्याच पाटीला. पेडल माझ्या पायाखालून गेलं नाही."

"म्हणजे एरवी जायचं ते कळायचं तुला."

"पहिल्या दिवसापासून, बाबा. पायाला कळतंच की. मी पाय ठेवायच्या आधीच ते खाली निघालेलं असायचं."

बाहेर कुठेतरी फाटकाची साखळी वाऱ्याने वाजत होती. मास्तरांनी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

लेकीने आरसा उगाचच जरा हलवला. मग म्हणाली, "बरं वाटायचं."

"नापास झालीस त्याने."

"हो. तेव्हाही बरं वाटलं." तिने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले. "आईला सांगू नका हे."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना वाटलं होतं या गाडीत एकच चोर आहे. कॅशियरबाई, इतर सगळी, ती बिचारी फसली होती. ही फसली नव्हती. ही आपण होऊन पाय मागे घेऊन बसली होती, बापाच्या पायाच्या भरवशावर. त्या बंद दिवसांत आपल्याला एकट्यालाच सुख झालं असं ते समजत होते. त्यांना तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि पट्टा लावलेला असल्यामुळे ते जमलं नाही.

"त्या व्हॅनमध्ये मी एकटी असणार," लेक म्हणाली. रडत नव्हती, साबण संपलाय म्हणावं तसं सांगत होती. "शेजारची सीट रिकामी. रोज नवी शाळा, नवी माणसं. मला रात्री जिथे राहायचंय ती खोलीसुद्धा मी बघितलेली नाही. जमेल का काय माहीत." मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, पिन घाला ना परत. आजच्यापुरती. उद्या मैदानावर काढूच की आपण."

पिन खिशात होती. वाकून, हात घालून सांध्यात सरकवायची, चहात साखर ढवळण्याइतकंही काम नव्हतं. आणि आजच्यापुरतीच. तिलाही हवी होती, त्यांनाही हवी होती, कुणाचं काही वाकडं होणार नव्हतं, दोघंही सुरेख, हलकेच थांबत थांबत घरी गेली असती, आणि दाराला कडी लागली असती. इतकं एखादी गोष्ट करावीशी मास्तरांना कधी वाटलं नव्हतं.

"हरवली," ते म्हणाले.

"बाबा."

"हरवली म्हणतोय ना. सकाळी काढताना हातातून निसटली, गटारात गेली."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलताना मास्तरांचे कान लाल होतात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती त्यांच्या कानांकडे बघत राहिली, मग रस्त्याकडे बघायला लागली. पुन्हा मागितलं नाही. मास्तरांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढून बाजूला सारले, आणि त्या एवढ्याशा सीटवर, पट्ट्यासकट, पाय वर घेऊन मांडी घातली. हे सोपं नव्हतं. एक गुडघा दाराला लागत होता, दुसरा गिअरला.

"असं बसतात का गाडीत?" लेक म्हणाली.

"पाय दुखतात माझे. चल."

"कुठे?"

हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. "कुठेही ने," ते म्हणाले. "हायवेला घे. मी काही सांगणार नाही आता."

लेकीने श्वास घेतला, इंजिन चालू केलं, आरशात पाहिलं. क्लच जरा लवकर सुटला, गाडीने उडी घेतली, आणि मास्तरांचा गुडघा समोरच्या खणावर आपटला. चांगलाच लागला. ते काही बोलले नाहीत.